गोळीमुळे पाय दुखतात का? स्टॅटिनचा इतिहास आणि तुलनेचा प्रश्न

पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी आजचा लेख. विषय औषधाचा आहे, पण हा डॉक्टरी सल्ला समजू नका. मी डॉक्टर नाही, विज्ञान शाखेतला संशोधक विद्यार्थी आहे. मला यात रस आहे तो एका साध्या प्रश्नामुळे: 'यामुळे ते झालं' असं आपण कधी म्हणू शकतो?

आमचं जाम म्हणजे समुद्रपूर तालुक्यातलं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो ते गाव. इथला हृदयाचा पेशंट एकतर सेवाग्रामला नेतात, नाहीतर नागपूरला. परत येताना पिशवीत ज्या गोळ्या असतात त्यात अॅटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिन बहुतेक असतेच. दोन-तीन महिने गेले की घराघरांत एक वाक्य ऐकू येतं: "ते कोलेस्टेरॉलची गोळी चालू केली तेव्हापासून पाय लई दुखून राहिले जी, बंद करून टाकू का?"

या वाक्यात दोन दावे आहेत. पाय दुखतात, हा पहिला. तो खराच आहे, दुखणं ज्याचं त्यालाच माहीत. गोळीमुळे दुखतात, हा दुसरा. या दुसऱ्या दाव्याचा निकाल लावायला वैद्यकशास्त्राला जवळपास चाळीस वर्षं लागली, आणि त्या चाळीस वर्षांत पुराव्याच्या जेवढ्या तऱ्हा दिसतात तेवढ्या रिसर्च मेथडॉलॉजीच्या कुठल्याही गाईडमध्ये सापडणार नाहीत.

सुरुवात जपानमध्ये. अकिरा एंडो हा शेतकरी घरातला मुलगा, फ्लेमिंगच्या पेनिसिलिनच्या गोष्टीने भारावलेला. सांक्यो कंपनीत नोकरी करताना त्याने एक तर्क लावला. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि त्या साखळीतली मुख्य पायरी एचएमजी कोए रिडक्टेज नावाच्या एन्झाइमवर अवलंबून असते. बुरशा स्वतःच्या बचावासाठी नाना रसायनं बनवतात, तर एखादी बुरशी हे एन्झाइम अडवणारं रसायनही बनवत असेल. १९७१ मध्ये काम सुरू झालं. दोन वर्षांत सुमारे ६,००० बुरशा तपासून झाल्या. शेवटी सापडली ती क्योतोमधल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची, पेनिसिलियम सिट्रिनम. १९७३ मध्ये तिच्यातून जे रसायन वेगळं केलं त्याला पुढे कॉम्पॅक्टिन हे नाव मिळालं. तेच पहिलं स्टॅटिन.

मग ते उंदरांना दिलं. काहीच झालं नाही. कोलेस्टेरॉल जागचं हललं नाही.

इथे बहुतेक प्रकल्प मरतात, बरं का. परीक्षानळीत चालतं आणि प्राण्यात चालत नाही, म्हणजे फाईल बंद. एंडोने मात्र वेगळा प्रश्न विचारला: प्राणी बरोबर निवडलाय का? उंदरांच्या रक्तात आपण ज्याला 'वाईट' म्हणतो ते एलडीएल मुळातच फार कमी असतं, शिवाय त्यांचं यकृत अडवलेल्या एन्झाइमची भरपाई ते जास्त बनवून करतं. कंपनीतला एक सहकारी, नोरितोशी कितानो, अंड्यावरच्या कोंबड्यांवर काम करायचा. अंड्याच्या बलकात एवढं कोलेस्टेरॉल, म्हणजे कोंबडी ते भरपूर बनवत असणार. १९७६ मध्ये कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिलं आणि त्यांचं कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आलं. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'मॉडेल' हा रकाना भरताना हा किस्सा आठवा. नकारात्मक निकाल औषधाबद्दल बोलतोय की तुम्ही निवडलेल्या प्राण्याबद्दल, हे निकाल स्वतः सांगत नाही.

१९७८ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. अकिरा यामामोतो यांनी हे औषध पहिल्यांदा माणसाला दिलं. आनुवंशिक आजारामुळे कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेली १८ वर्षांची मुलगी होती. कोलेस्टेरॉल उतरलं, पण काही दिवसांतच तिच्या स्नायूंची ताकद गेली. यामामोतोंनी औषध थांबवलं आणि नंतर डोस कमी करून काम पुढे नेलं. म्हणजे स्टॅटिन घेतलेल्या पहिल्याच माणसाला स्नायूंचा त्रास झाला होता. जामच्या त्या वाक्याला वेडगळ ठरवण्याची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो त्रास खरा होता, आणि डोस कमी केल्यावर औषध चाललं हाही पुरावाच होता.

पुढचा टप्पा घाबरण्याचा. लांब काळ मोठे डोस दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यात गाठी दिसल्याच्या शंकेवरून १९८० मध्ये सांक्योने कॉम्पॅक्टिनचं काम बंद केलं. अमेरिकेत मर्क कंपनीने वेगळ्या बुरशीतून लोव्हास्टॅटिन काढलं होतं, तिनेही हात आखडता घेतला. ही भीती अगदी हवेतली नव्हती. १९७८ मध्येच क्लोफायब्रेट या जुन्या औषधाच्या मोठ्या चाचणीत दिसलं होतं की कोलेस्टेरॉल उतरतं, हार्ट अटॅकही कमी होतात, पण इतर कारणांचे मृत्यू वाढतात. रिपोर्टमधला आकडा सुधारला म्हणजे माणूस जास्त जगला असं होत नाही, हा धडा ताजा होता. मर्कने पुन्हा काम सुरू केलं आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. पण मृत्यूंचा प्रश्न शिल्लकच होता.

त्याचं उत्तर १९९४ मध्ये आलं. स्कँडिनेव्हियातली 'फोर एस' चाचणी: आधीच हृदयविकार असलेले ४,४४४ पेशंट, निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, म्हणजे प्लासिबो. सुमारे साडेपाच वर्षांत प्लासिबो गटात २५६ मृत्यू झाले, औषधाच्या गटात १८२. सगळ्या कारणांचे मृत्यू धरून. वाद इथे बराचसा संपला.

दुष्परिणामांचा वाद मात्र खऱ्या अर्थाने पुढे सुरू झाला. ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीने सेरिव्हास्टॅटिन हे नवं स्टॅटिन बाजारातून मागे घेतलं. स्नायू विरघळून त्यातलं प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनी बंद पडते, याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. त्या वेळी या औषधाशी जोडलेले जगभरात ५२ मृत्यू नोंदले गेले होते, त्यातले बरेच जेम्फिब्रोझिल नावाचं दुसरं औषध सोबत घेणाऱ्यांचे.

हा धोका मोठ्या चाचण्यांनी पकडला नाही, कारण लाखात एखाद्याला होणारी गोष्ट काही हजारांच्या चाचणीत दिसतच नाही. ती पकडली डॉक्टरांनी एकेक करून पाठवलेल्या रिपोर्टनी. दुर्मिळ, गंभीर आणि एरवी सहसा न होणारी गोष्ट असेल तर असे सुटे रिपोर्टही खूप काही सांगतात. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्याला तीव्र अंगदुखीसोबत चहासारखी गडद लघवी झाली तर 'बघू उद्या' म्हणायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

पण पाय दुखणं ही दुर्मिळ गोष्ट नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत समुद्रपूर तालुक्यात कुणाची कंबर आणि पोटऱ्या दुखत नाहीत? साठीच्या पुढच्या शंभर माणसांना विचारा, गोळी घेणारे आणि न घेणारे दोन्ही 'हो' म्हणतील. मग सुटे अनुभव कितीही गोळा करा, हजार करा, त्यातून कारण निघत नाही. कारण न घेणाऱ्यांचं दुखणं कुणी मोजलेलंच नसतं.

यावर दोन अभ्यास आहेत. माझ्या मते दोन्ही मुळातून वाचावेत असे आहेत, आणि आकडेमोड अवघड नाही.

पहिला २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेला, ॲस्कॉट चाचणीतला. या चाचणीचा पहिला भाग अंध होता. सुमारे १०,००० लोकांपैकी कोण अॅटोर्वास्टॅटिन घेतोय आणि कोण प्लासिबो, हे पेशंटला माहीत नव्हतं, डॉक्टरलाही नव्हतं. या काळात स्नायूंच्या तक्रारी वर्षाला औषध गटात २.०३ टक्के आणि प्लासिबो गटात २.०० टक्के. फरक जवळजवळ शून्य. मग फायदा स्पष्ट दिसल्यामुळे हा भाग लवकर थांबवला आणि सगळ्यांना उघडपणे औषध घेण्याची मुभा दिली. आता घेणाऱ्याला माहीत होतं की आपण स्टॅटिन घेतोय. तक्रारी घेणाऱ्यांत १.२६ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.०० टक्का. तेच लोक, तेच औषध, आणि माहिती मिळाल्यावर फरक उगवला. (उघड्या भागात औषध कुणी घ्यायचं हे चिठ्ठीने ठरलं नव्हतं, हा आक्षेप तुमच्या मनात आला असेल तर शाबास. लेखकांनाही तो माहीत होता.)

दुसरा, सॅमसन, लंडनमधला, २०२० चा. यात ६० माणसं अशी घेतली ज्यांनी त्रासामुळे स्टॅटिन सोडलंच होतं. प्रत्येकाला वर्षभरासाठी १२ बाटल्या: चार महिने अॅटोर्वास्टॅटिन, चार महिने प्लासिबो, चार महिने रिकामी बाटली, सगळं सरमिसळ क्रमाने. रोज मोबाईलवर त्रासाचा आकडा टाकायचा, शून्य ते शंभर. गोळी नसलेल्या महिन्यांत सरासरी ८.०. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि प्लासिबोच्या महिन्यांत १५.४.

हे आकडे दोनदा वाचा. गोळी घेतल्यावर त्रास दुप्पट होत होता, यात त्या लोकांचं काहीच खोटं नव्हतं. पण त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही होत होता. याला नोसिबो म्हणतात. 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' असं त्याचं भाषांतर करणारे डॉक्टर आणि नातेवाईक दोघेही मला पटत नाहीत. १५.४ हे दुखणंच आहे, फक्त त्याचं कारण अॅटोर्वास्टॅटिनचा रेणू नाही. गंमत म्हणजे स्वतःचेच आकडे दाखवल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा औषध सुरू केलं.

२०२२ मध्ये १९ प्लासिबो चाचण्यांमधल्या १,२३,९४० लोकांचा एकत्र हिशोब झाला: स्नायूदुखी स्टॅटिन गटात २७.१ टक्के, प्लासिबो गटात २६.६. थोडा जास्तीचा त्रास आहे, मुख्यतः पहिल्या वर्षात. तो शून्य नाही.

मधुमेहाचं उलटं आहे. तिथे भीती कमी आणि पुरावा जास्त. २०१० च्या १३ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात स्टॅटिनमुळे नव्या मधुमेहाचं प्रमाण ९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वर्तमानपत्रात '९ टक्के' वाचून शंभरात नऊ जण असं समजू नका. हिशोब असा की २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह. आधीच हृदयविकार असलेल्यासाठी हा सौदा सहसा फायद्याचा ठरतो. नुसत्या किंचित वाढलेल्या रिपोर्टवर गोळी सुरू करणाऱ्या धडधाकट माणसासाठी तोच सौदा बराच बारीक होतो, आणि तिथे डॉक्टरशी बसून बोलायलाच हवं.

आता आपल्याकडचं. वर सांगितलेल्या चाचण्यांतली माणसं बहुतांश युरोपातली. आपल्याला ते आकडे लागू होतात का? हा प्रश्न आमच्या भागातूनही विचारला गेलाय. २००७ मध्ये जामा या नियतकालिकात दक्षिण आशियाई लोकांच्या पहिल्या हार्ट अटॅकवर एक शोधनिबंध आला. पहिले लेखक नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी. पाच देशांतल्या १५ केंद्रांमधले १,७३२ पेशंट आणि तुलनेसाठी अटॅक न आलेले २,२०४ लोक. निष्कर्ष: आपल्याकडे पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय ५३ वर्षं, इतर देशांत ५८.८. जवळपास सहा वर्षांचा फरक. आणि तो 'आपलं रक्तच तसं' म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. बिघडलेलं कोलेस्टेरॉल, मधुमेह, तंबाखू अशी नेहमीचीच कारणं आपल्याकडे कमी वयात जमा होतात, यावरून बराचसा फरक उलगडत होता.

डोसबद्दलही फरक सापडला. २००५ मध्ये सिंगापूरच्या एका अभ्यासात एकाच डोसनंतर भारतीय वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुवास्टॅटिन गोऱ्या लोकांच्या १.६३ पट आढळलं, चिनी वंशाच्या लोकांत २.३१ पट. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आशियाई पेशंटसाठी ५ मिलीग्रॅमपासून सुरुवात करण्याचा विचार करा, अशी सूचना लेबलवर आणली. ओसाकाच्या त्या मुलीपासून डोसचा मुद्दा आपल्यासोबत आहेच.

भारतासह २१ देशांत झालेल्या होप-थ्री चाचणीत, २०१६ मध्ये, १२,७०५ लोकांचा निकाल आला. रोसुवास्टॅटिन १० मिलीग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना ३.७ टक्के, प्लासिबोत ४.८. स्नायूंच्या तक्रारी ५.८ आणि ४.७.

तर एक काम देतो. सॅमसनचा आराखडा समुद्रपूर तालुक्यासाठी लिहून बघा, एका पानात. तिथे महिन्या-महिन्याने बाटली बदलत होती. इथे दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू होते आणि गोळीचा महिना वेचणीच्या महिन्यावर पडला तर आकडा कुणाचा? मोबाईलवर शून्य ते शंभर टाकण्याऐवजी काय वापराल? न लिहिता-वाचता येणाऱ्या आजीला प्लासिबोची संमती कशी समजावाल, कोणत्या शब्दांत? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे, आणि एथिक्स कमिटी तोच आधी विचारेल.