नैराश्य : समुपदेशन व उपचार (बेंगळुरू)

मनःस्थितीचा एक सर्रास आढळणारा आणि उपचारांनी बरा होणारा आजार. उदासी किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी निदान एक लक्षण जवळजवळ दिवसभर आणि सलग दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ टिकले, जोडीला झोप-भूक बिघडली, थकवा आला, साधे निर्णय घेता येईनात, आपण निरुपयोगी आहोत ही भावना बळावली किंवा मरणाचे विचार येऊ लागले, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. आपल्याकडचा रुग्ण ‘मन उदास आहे’ असे सांगत क्वचितच येतो. डोके जड असते, अंग दुखते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच, अशी त्याची तक्रार असते. त्यामुळे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या यांतच कित्येक महिने निघून जातात. ‘जास्त विचार करू नकोस’, ‘चार दिवस गावी जाऊन ये’ हे सल्ले मायेपोटी दिलेले असतात, पण त्यांनी आजार हटत नाही आणि उपचार लांबतात.

या आजारावरील उपचारांत बेंगळुरूचे स्थान मोठे आहे, ते होसूर रस्त्यावरील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था अर्थात निम्हान्समुळे. एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळाला म्हैसूर सरकारने १९२५ मध्ये मानसिक रुग्णालय असे नाव दिले. १९५४ मध्ये त्याच आवारात केंद्र सरकारची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली. २७ डिसेंबर १९७४ रोजी दोन्ही एकत्र येऊन निम्हान्स जन्माला आली, आणि २०१२ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. देशभरातले मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसतज्ज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ते आणि परिचारिका इथे शिकून जातात. याच संस्थेने १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) साधारण दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आल्याचे आढळले. विविध मानसिक विकारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. आजाराइतकीच चिंता या दुसऱ्या आकड्याची वाटायला हवी.

कोणाकडे जावे, इथेच बहुतेक जण अडखळतात. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर या विषयातले पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. निदान करणे व औषधे लिहून देणे हे त्याचे काम. चिकित्सा-मानसतज्ज्ञ चाचण्या घेतो आणि मानसोपचार करतो. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा. समुपदेशक घरातले ताण, नोकरी, नाती, शोक यांतून वाट काढायला मदत करतो. ‘परिवर्तन’सारख्या बेंगळुरूतील संस्था हे काम करतात, समुपदेशक घडवतातही. पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण किती, कोणाच्या देखरेखीखाली काम केले, हे पहिल्याच भेटीत विचारावे. चांगला समुपदेशक असल्या प्रश्नाने दुखावत नाही. औषधांची गरज दिसली की तो स्वतःहून डॉक्टरकडे पाठवतो.

पहिल्या भेटीत डॉक्टर बरेच प्रश्न विचारतात : झोप किती, जेवण किती, कामावर गेलात का, दारू घेता का, घरात पूर्वी कोणाला असे झाले होते का. नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली पुष्कळदा भरून घेतात. तिचे गुण ० ते २७ असतात आणि पुढच्या भेटींत सुधारणा मोजायलाही ती उपयोगी पडते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ यांच्या तपासण्या सांगतात, कारण यांच्या कमतरतेतही माणूस असाच मलूल होतो. पूर्वी कधी झोप न लागताही अंगात प्रचंड उत्साह संचारला होता का, पैसा उधळला होता का, हेही विचारतात. हा प्रश्न टाळू नये. उत्तर ‘हो’ असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो आणि औषधांची निवड बदलते.

सौम्य नैराश्यात समुपदेशन वा मानसोपचार पुरेसा ठरू शकतो. तीव्र आजारात औषधे आणि मानसोपचार दोन्ही लागतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नेहमीची औषधे. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. मळमळ, डोकेदुखी मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. बहुतेक औषधे याच फटीत सुटतात. त्यांची चटक लागत नाही, पण एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी असे त्रास होतात. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवून डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. अतितीव्र आजारात, विशेषतः रुग्ण खाणेपिणे सोडतो तेव्हा, भूल देऊन केलेला विद्युत्-उपचार जीव वाचवतो. सिनेमांनी त्याची घातलेली भीती निराधार आहे.

मानसोपचारासाठी दर वेळी मोठे इस्पितळच लागते असे नाही. गोव्यातील ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांमार्फत सहा ते आठ बैठकांचा एक कार्यक्रम राबवला. रुग्णाने सोडून दिलेली रोजची कामे थोडी थोडी पुन्हा हाती घ्यायची, हा त्याचा गाभा. त्याचा लाभ झाल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

बेंगळुरूच्या एका कुटुंबाने हा विषय घराघरांत नेला. अभिनेत्री दीपिका पदुकोण हिने २०१५ च्या आरंभी आपल्या नैराश्याविषयी जाहीरपणे सांगितले. बेंगळुरूहून मुंबईला भेटीला आलेल्या आईला मुलीचे रडणे नेहमीचे नाही हे कळले आणि तिनेच तज्ज्ञ मदतीचा आग्रह धरला. आधी समुपदेशन झाले, मग डॉक्टर. औषधांना दीपिकाची सुरुवातीला तयारी नव्हती, हेही तिने लपवले नाही. त्याच वर्षी तिने ‘लिव्ह लव्ह लाफ’ प्रतिष्ठान स्थापन केले. यात आईने जे केले ते कोणत्याही घरात होऊ शकते : फरक ओळखणे, दोष न देणे, पहिल्या भेटीला सोबत जाणे. आयटीतल्या नोकरीसाठी पीजीत एकटे राहणाऱ्या मराठी मुलामुलींजवळ असे कोणी नसते. अशा वेळी खोलीतल्या मित्राने वेळ ठरवून देणे आणि रिक्षात बरोबर बसणे हीदेखील मोठी मदत ठरते.

परक्या भाषेच्या शहरात आपल्या भाषेत बोलता येणे हा मोठा आधार आहे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचे शीर्षकेंद्र निम्हान्स आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतूनही बोलता येते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुटुंबांना बेंगळुरूपेक्षा धारवाडची ‘डिम्हान्स’ ही शासकीय संस्था जवळची. मरणाचे विचार पक्के होऊ लागले असतील तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नये : रुग्णाला एकटे न सोडता, साठवलेल्या गोळ्या व कीटकनाशके घरातून हलवून, जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावे.

२९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (२०१७) उपचार हा हक्क ठरवला, रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले आणि शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणे कंपन्यांना भाग पाडले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षा करू नये, असेही तो सांगतो. पोलिसांच्या भीतीने इस्पितळात जायला उशीर करण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही.

नैराश्य एकदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना ते पुन्हा येते. उपचार संपवताना आपली सुरुवातीची लक्षणे कोणती होती, कोणते औषध किती मात्रेत लागू पडले, हे डॉक्टरकडून लिहून घ्यावे आणि तो कागद घरातल्या एकाला तरी माहीत असावा.