शॉ, रॉबर्ट

(३० एप्रिल १९१६ – २५ जानेवारी १९९९). अमेरिकन वृंदगान-संचालक. जन्म कॅलिफोर्नियातील रेड ब्लफ येथे. पोमोना कॉलेजात शिकत असताना वाद्यवृंदप्रमुख फ्रेड वेअरिंग यांनी त्यांना हेरले व न्यूयॉर्कला बोलावले. तेथे १९४१ मध्ये त्यांनी ‘कॉलेजिएट कोराल’ हा हौशी गायकांचा वृंद उभारला. याच वृंदाने १९४६ मध्ये संगीतकार हिंदेमित यांचे कवी व्हिटमनच्या कवितेवरील रिक्विएम (मृतांसाठीची प्रार्थनारचना) प्रथम सादर केले. पुढे ‘रॉबर्ट शॉ कोराल’ (१९४८), क्लीव्हलँडमध्ये वाद्यवृंद-संचालक जॉर्ज सेल यांच्या हाताखालची वर्षे आणि अटलांटा सिंफनीचे संगीत दिग्दर्शकपद (१९६७–८८) असा त्यांचा प्रवास झाला.

शॉ यांचे नाव निघाले की भरदार, एकजीव आवाजाची वाखाणणी होते. पण तो आवाज म्हणजे फळ. मूळ लयीत आहे. त्यांच्या तालमीत गायक शब्द बाजूला ठेवून नेमक्या स्वरांवर, अगदी हलक्या आवाजात, ‘वन अँड टू अँड टी अँड फोर अँड’ असे आकडे गात. ‘थ्री’चे ‘टी’ केले ते अक्षर नेमके ठोक्यावर पडावे म्हणून. लांबवलेल्या स्वरातही आतली मोजणी चालू राही आणि तो कुठे सोडायचा हे सर्वांना एकाच क्षणी कळे. यावर आक्षेप असा की आकड्यांत काव्य गुदमरते. मात्र व्यंजन कोणत्या ठोक्यावर पडणार हे पक्के झाल्यावरच शंभर तोंडांतून निघालेला शब्द श्रोत्याला कळतो. शब्द मागाहून आले ते त्यांच्यासाठी जागा तयार करूनच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : बाखसाठी ही शैली आधुनिक वाद्यांची, जुन्या वळणाची. वाद्यांबद्दल तो मान्यच करावा लागतो. तरी बाखचा बी मायनर मास त्यांनी १९४७, १९६० व १९९० असा तीनदा ध्वनिमुद्रित केला. त्यांतील १९६० च्या मुद्रणात, प्रचंड वृंदांची चाल असताना, त्यांनी जेमतेम तीस-पस्तीस गायक घेतले. गुंतागुंतीच्या फ्यूगमधली (एकच स्वरवाक्य आळीपाळीने वेगवेगळ्या आवाजांत येणाऱ्या रचनेतली) प्रत्येक ओळ तेथे वेगळी ऐकू येते. साथीच्या वाद्यांचा आडोसा नसलेले रखमानिनॉव्हचे ‘व्हेस्पर्स’ (टेलार्क, १९९०) तर या पद्धतीची खरी कसोटी होय. त्याच्या पाचव्या भागाच्या शेवटी बास गायक पायरी-पायरीने अतिखर्जात उतरतात आणि तेथेही एकेक पायरी स्वच्छ उमटते.