ययातीतला तारा आणि यॉर्कचा मुलगा

अठराव्या शतकातला खगोलनिरीक्षक जॉन गुडरिक याच्याविषयी कुणी लिहायला बसलं की 'ऐकू येत नसूनही' हे शब्द हमखास येतात. माझी सगळी नोकरी कर्णबधिर मुलांना शिकवण्यात गेली, त्यामुळे हे 'नसूनही' मला खटकतं. त्यात कौतुक असतं, पण या मुलाला ताऱ्यांचं काम जमलं कसं, ते कळतच नाही. त्याच्यामागे एक शाळा होती, एक शेजारी होता आणि तारे जोखण्याची एक साधी, चोख रीत होती.

गुडरिकचा जन्म १७६४ चा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. घराणं मात्र इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं. अगदी लहानपणी आजारपणात त्याचे कान गेले. आठेक वर्षांचा झाल्यावर घरच्यांनी त्याला एडिंबऱ्याला टॉमस ब्रेडवुड यांच्या शाळेत घातलं. कर्णबधिर मुलांची ब्रिटनमधली ही पहिली शाळा, १७६० साली निघालेली. इंग्रज लेखक सॅम्युअल जॉन्सन १७७३ मध्ये ती बघून गेले. त्यांनी तिथल्या एका मुलीला तीन आकडी आणि दोन आकडी संख्यांचा गुणाकार घातला आणि तिने तो सोडवून दाखवला. शाळा फी घेणारी होती, गरिबाच्या मुलाला तिचं दार बंदच. पण गुडरिकला अक्षर आणि अंक मिळाले ते तिथेच. पुढे वॉरिंग्टनच्या अकादमीत तो ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने शिकला आणि १७८१ मध्ये यॉर्कला घरी परतला.

तिथे एडवर्ड पिगट भेटला. वयाने अकरा वर्षांनी मोठा. त्याच्या वडिलांची स्वतःची वेधशाळा होती, दुर्बिणी होत्या. कोणते तारे आपलं तेज बदलत असावेत याचा पिगटला ध्यास होता, आणि या मुलाला त्याने सोबतीला घेतलं. गुडरिकचं घर यॉर्कच्या भव्य चर्चजवळ होतं. पिगटने सुचवलेल्या ताऱ्यांपैकी एक होता ययाती या तारकासमूहातला अल्गोल. ग्रीकांच्या चित्रात वीर पर्सियसने हातात धरलेल्या मेदूसाच्या मुंडक्यावर हा तारा येतो. सतराव्या शतकात इटलीच्या मोन्तानारीने तो मंदावलेला पाहिला होता, पण तो किती काळाने मंदावतो हे कुणी मोजलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर १७८२ च्या रात्री गुडरिकला अल्गोल भलताच फिका दिसला. एरवी दुसऱ्या प्रतीचा तारा त्या रात्री चौथ्या प्रतीच्या आसपास उतरला होता. त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. म्हणून आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक रात्री त्याने अल्गोल शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला: याच्यापेक्षा तेजस्वी, त्याच्यापेक्षा मंद, आणि शेजारी घड्याळातली वेळ. हीच ती रीत. २८ डिसेंबरला तारा पुन्हा उतरलेला सापडला. वसंतापर्यंत हिशेब जुळला होता. आज हा काळ २ दिवस २० तास ४९ मिनिटं धरतात. गुडरिकचा आकडा याच्या चार-पाच मिनिटांच्या आत होता.

कारण काय असावं, याच्याही दोन शक्यता त्याने मांडल्या. अल्गोलभोवती एखादा काळोखा गोल फिरत असेल आणि मधे येऊन त्याला झाकत असेल, किंवा ताऱ्याच्या एका अंगावर डाग असतील. त्याचा लेख मे १७८३ मध्ये रॉयल सोसायटीत वाचला गेला आणि त्याच वर्षी तिचं कॉप्ली पदक त्याला मिळालं. पहिली शक्यता खरी होती, हे १८८९ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडामला फोगेल यांनी वर्णपटावरून दाखवलं. अल्गोलला मंद प्रकाशाचा एक जोडीदार तारा आहे आणि आपल्याला दिसतं ते त्याने लावलेलं ग्रहण.

आमच्या शाळेच्या गच्चीवर मी मुलांना अल्गोल दाखवत असे. अंधारात हात दिसत नाहीत, म्हणजे आमची भाषाच बंद. टॉर्च लावावा तर डोळे दिपतात आणि फिके तारे हरवतात. मग टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळायचा, तो हातांवर धरून बोलायचं, विझवायचा आणि वर बघायचं. बोलणं वेगळं, बघणं वेगळं. त्यामुळे ही मुलं बघायला लागली की फक्त बघतात. एका मुलीने मूठ उघडून अर्धी मिटली आणि अल्गोलकडे बोट केलं. पुढे आमच्या शाळेत त्या ताऱ्याची तीच खूण झाली.

१७८४ मध्ये गुडरिकने आणखी दोन रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे शोधले. स्वरमंडळातला एक, आणि दुसरा वृषपर्व्यातला, शर्मिष्ठेच्या शेजारचा डेल्टा सेफाय. तो दर ५ दिवस ९ तासांनी उजळतो-मंदावतो. याच जातीच्या ताऱ्यांचा अभ्यास करून हार्वर्डच्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये त्यांचा आवर्तनकाळ आणि त्यांचं खरं तेज यांचं नातं मांडलं. ऐकू त्यांनाही कमीच येत असे. तेच नातं हाताशी धरून १९२३ नंतर खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी देवयानीतली दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं सिद्ध केलं. विश्व केवढं, या प्रश्नाची वाट गुडरिकच्या वहीपासून निघते, असं मी मानते.

१६ एप्रिल १७८६ रोजी रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतलं. चारच दिवसांनी तो गेला. वय एकवीस.

कर्णबधिर शाळांतल्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास मुलांना गच्चीवर न्या. उत्तरेला शर्मिष्ठा उंच असते, तिच्या पूर्वेला ययाती. अल्गोल देवयानीच्या टोकाच्या ताऱ्याइतका दिसला तर तो नेहमीसारखा आहे. त्याहून स्पष्ट फिका दिसला तर ग्रहण चालू आहे. दुर्बीण लागत नाही. वही, पेन्सिल, घड्याळ आणि लाल कागद लावलेला टॉर्च पुरे.