महाराष्ट्रातील सायकल आणि तिच्याभोवतीचा विनोद

सायकल हे पायांनी पॅडल फिरवून चालविण्याचे दोन चाकांचे वाहन होय. मराठीत तिला 'पायगाडी' व 'दुचाकी' असेही म्हटले जाई. आज 'दुचाकी' म्हणताच स्कूटर किंवा मोटारसायकल डोळ्यांपुढे येते. रस्त्याबरोबर सायकलचे नावही तिच्या हातून गेले.

'''इतिहास'''

जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ मध्ये तयार केलेल्या गाडीला पॅडल नव्हते. स्वार तिच्यावर बसून जमिनीवर पाय मारीत पुढे जाई, म्हणजे वाहनात बसूनही चालणे चुकत नसे. इंग्लंडमध्ये १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर बनविला. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी सायकलींचे दुकान काढले. गिऱ्हाइकाला सायकल चालविण्यास शिकविण्याचे कामही ते करीत. पुढे लोखंडी नांगरांसाठी ख्याती पावलेल्या उद्योगाचा आरंभ असा झाला.

'''विनोद'''

सायकलवरील विनोद बहुधा शिकण्यापासून सुरू होतो. मोठी सायकल तासाच्या भाड्याने आणायची. पाय पुरत नाहीत म्हणून मधल्या दांडीखालून पाय घालून 'कैची' मारायची. आणि थांबवता येत नाही म्हणून कुंपण गाठायचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. रात्री दिवा नसला की पोलीस अडवीत. त्यामुळे चौक जवळ येताच स्वार खाली उतरून सायकल हातात धरून सभ्यपणे चालू लागत. डबलसीट बसलेला सोबतीही त्याच वेळी पादचारी होई. नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला नसलेल्यांची तारांबळ वेगळीच. या सर्व गमतींच्या मुळाशी धाक असे, तो दंडाच्या पैशांचा.

कारण सामान्य घरात सायकल हेच भांडवल होते. वसई तालुक्यातील गास व आसपासच्या सपाट किनारी गावांत वाड्यांमधील अरुंद वाटांना ती सोयीची. भाजी, केळी, फुले वा दुधाच्या किटल्या लादून स्थानकाकडे निघालेल्या माणसाचे चाक पंक्चर झाले, तर पाहणाऱ्याला हसू येई. त्याची मात्र गाडी चुके आणि माल नासण्याची भीती राही. सायकल चोरीस जाणे तर घरावरचे संकटच. प्रकाश कुंटे दिग्दर्शित 'सायकल' (२०१८) या मराठी चित्रपटात हेच दुःख हसत-हसत मांडले आहे. त्यात हृषीकेश जोशी, भालचंद्र कदम व प्रियदर्शन जाधव यांच्या भूमिका आहेत.

'''सद्यस्थिती'''

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणविणाऱ्या पुण्यात आता स्वयंचलित वाहनांची गर्दी आहे. सायकलची निकड मात्र संपलेली नाही. शाळा दूर असलेल्या ग्रामीण मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून सायकली दिल्या जातात, आणि आठवीनंतर शिक्षण सुटणे वा चालू राहणे पुष्कळदा त्या सायकलीवर ठरते. जुन्या सायकली पाहावयाच्या असल्यास पुण्यातील कर्वेनगरचे विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनविलेली घडीची सायकलही तेथे आहे.