मेघसंगणनातील खुली मानके : एक ऐतिहासिक आलोचन

रोहे तालुक्यातील कोलाड हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर आणि कोकण रेल्वेच्या मार्गावर वसलेले आहे. २६ जानेवारी १९९९ रोजी येथून गोव्यातील वेर्णा स्थानकापर्यंत मालाने भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा सुरू झाली. ट्रक कोणत्या कारखान्यात बनला हा प्रश्न तेथे गौण असतो. उंची, रुंदी व वजन ही ठरलेल्या मर्यादेत असली की पुरे. वेर्ण्यास उतरताच तो ट्रक आपल्याच चाकांनी हवा तिकडे जातो. चढण्याची अट सर्वांस ठाऊक असणे आणि उतरण्याची मोकळीक असणे, ही खुल्या मानकाची दोन अंगे होत. यांपैकी दुसऱ्या अंगाचे महत्त्व किती, हे मेघसंगणनाच्या, म्हणजे क्लाऊड कॉम्प्युटिंगच्या, अल्प इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

पूर्वी प्रत्येक संस्था स्वतःचे संगणक विकत घेई. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने मार्चमध्ये माहितीच्या साठवणीची व ऑगस्टमध्ये गणनशक्तीची सेवा भाड्याने देण्यास प्रारंभ केला. ग्राहकाने दुरून आज्ञा धाडावी आणि काही क्षणांत यंत्र हाती यावे, अशी ही व्यवस्था होती. पुढे अन्य कंपन्याही या व्यवसायात उतरल्या. तथापि प्रत्येकीची आज्ञावली निराळी राहिली. एकाच वस्तूला कोणी ‘इन्स्टन्स’ म्हणे, कोणी ‘सर्व्हर’, तर कोणी ‘व्हर्च्युअल मशीन’. हा भेद केवळ नावांचा नव्हता. एका कंपनीच्या आज्ञांनी बांधलेली व्यवस्था दुसरीकडे न्यायची तर ती बहुतांशी नव्याने बांधावी लागे. परिणामी ग्राहक पहिल्या कंपनीशीच जखडला जाई.

यावर उपाय म्हणून तीन प्रयत्न विशेष उल्लेखनीय ठरतात. डीएमटीएफ या उद्योगसंस्थेने २००९ मध्ये ‘ओव्हीएफ’ हे आभासी यंत्रांच्या बांधणीचे मानक प्रसिद्ध केले. ओपन ग्रिड फोरमने २०११ मध्ये ‘ओसीसीआय’ सिद्ध केले. पुढे २०१२ मध्ये डीएमटीएफनेच ‘सिमी’ हे सेवांच्या व्यवस्थापनाचे मानक आणले. २०१५ साली त्यास आयएसओ १९८३१ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. ‘सिमी’ची रचना सुबोध आहे. यंत्र, साठवणखंड, जाळे आणि या सर्वांची मिळून होणारी प्रणाली, अशा मोजक्या संज्ञा त्यात निश्चित केल्या आहेत. ग्राहक एका प्रवेशबिंदूपाशी येतो, तेथून काय उपलब्ध आहे ते वाचतो, आणि निर्माण करणे, थांबवणे, नष्ट करणे या क्रिया वेबच्या नित्य परिचित पद्धतीनेच करतो.

असे असूनही व्यवहारात या मानकांचा प्रसार मर्यादितच राहिला. ‘ओसीसीआय’चा उपयोग युरोपातील संशोधन संस्थांच्या संयुक्त मेघसेवेत झाला, पण मोठ्या कंपन्यांनी आपापल्या आज्ञावल्या सोडल्या नाहीत. किंबहुना २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतून बाहेर आलेल्या ‘युकॅलिप्टस’ या मुक्त प्रणालीने ॲमेझॉनच्याच आज्ञांचे अनुकरण केले. कोशात शब्द नोंदला म्हणजे तो बोलीत रुळतोच असे नाही. तीच गत येथे झाली. सर्वाधिक वापर जिचा, तीच आज्ञावली व्यवहारात मानक ठरली. ती लिखित स्वरूपात सर्वांस उपलब्ध होती, परंतु तिच्यात बदल करण्याचा अधिकार मात्र एकाच कंपनीकडे राहिला.

मराठी वाचकाला ही स्थिती अपरिचित नाही. देवनागरीसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक अधिकृत झाले. त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीचा समावेश झाला. तरीही त्यानंतर अनेक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खाजगी फाँटांच्या संकेतांत टंकित होत राहिला. तो फाँट नसलेल्या यंत्रावर त्याच मजकुराची निरर्थक चिन्हे होत. मानक उपलब्ध होते. ते पाळण्याचा आग्रह नव्हता.

हा आग्रह धोरणातूनच येऊ शकतो. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, २०१३ मध्ये ‘मेघराज’ योजनेची दिशा आखली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय मेघसेवेचा आरंभ केला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवांच्या वापराचे धोरण स्वीकारले. युरोपीय संघाने तर सेवा बदलण्याचा ग्राहकाचा हक्कच कायद्यात घातला. तो कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आहे.

सातबाराचा उतारा वा जन्माची नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकावी लागते; सेवेचा करार मात्र काही वर्षांचाच असतो. म्हणून करार करतानाच, तो संपल्यावर दप्तर कोणत्या स्वरूपात, किती अवधीत व कोणत्या खर्चाने परत मिळेल, हे ठरलेले असणे आवश्यक आहे. वाघिणीवर चढलेला ट्रक उतरवता येत नसेल, तर त्या सोयीस वाहतूक न म्हणता जप्तीच म्हणावे लागेल.