ॲप अचानक बंद का पडतं? प्रोग्रॅमला मिळणारे सिग्नल आणि क्रॅशमागचं गणित

मोबाइलवर भला मोठा फॉर्म भरत आणलाय, शेवटचं पान उरलंय आणि तेवढ्यात ॲप बंद पडतं. पुन्हा उघडलं की कधी भरलेली सगळी माहिती जशीच्या तशी दिसते, तर कधी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा नशिबाचा खेळ नाही. प्रोग्रॅम कधीही बंद पडू शकतो, हे धरून तो लिहिला होता की नाही, यावर हा फरक ठरतो. ते समजण्यासाठी आधी सिग्नल म्हणजे काय ते पाहावं लागेल.

सिग्नल म्हणजे काय?

फोनवर किंवा कॉम्प्युटरवर एका वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. त्या सगळ्यांवर लक्ष ठेवतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. चालू असलेल्या प्रोग्रॅमला मध्येच काही कळवायचं असेल, तर कर्नल त्याला सिग्नल पाठवतो. सिग्नल हा काही मोठा मेसेज नसतो. तो मुळात फक्त एक नंबर असतो आणि प्रत्येक नंबराचा अर्थ आधीच ठरलेला असतो.

ही पद्धत युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून चालत आली आहे. आज लिनक्स, मॅक, आयफोन आणि लिनक्सवरच उभं असलेलं अँड्रॉइड, या सगळ्यांत ती आहे. विंडोजची पद्धत थोडी वेगळी आहे.

विनंती, हुकूम आणि चूक

प्रोग्रॅम बंद करणाऱ्या सिग्नलचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार विनंतीचा. १५ नंबरचा सिगटर्म म्हणजे 'आवरतं घ्या'. टर्मिनलवर कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबली की २ नंबरचा सिगइंट जातो. हे सिग्नल आल्यावर काय करायचं, ते प्रोग्रॅम स्वतः ठरवू शकतो. फाइल सेव्ह करून तो नीट बंद होऊ शकतो किंवा विनंतीकडे चक्क दुर्लक्षही करू शकतो.

दुसरा प्रकार हुकमाचा. ९ नंबरचा सिगकिल प्रोग्रॅमला अडवता येत नाही, टाळता येत नाही आणि तो आल्याचं त्याला कळतही नाही. कर्नल प्रोग्रॅमला थेट संपवतो. मेमरी अगदीच कमी पडली की लिनक्स एखादा प्रोग्रॅम निवडून त्याला हाच सिग्नल देतं.

तिसरा प्रकार चुकीचा. प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीतला ठरावीक भाग वापरायला मिळतो. त्याने भलत्याच पत्त्यावर हात घातला की प्रोसेसर ते पकडतो आणि कर्नल ११ नंबरचा सिगसेग्व्ह पाठवतो. प्रोग्रॅमला स्वतःच्याच हिशेबात काही गडबड आढळली, तर तो ६ नंबरचा सिगॲबॉर्ट वापरून स्वतःला थांबवतो. ज्याला क्रॅश म्हणतात तो बऱ्याचदा यातलाच एखादा असतो.

सिग्नल हाताळणं अवघड का?

सिग्नल आल्यावर चालवायचा कोड प्रोग्रॅमर आधी लिहून ठेवू शकतो. त्याला सिग्नल हँडलर म्हणतात. वरवर पाहता काम सोपं वाटतं, पण सिग्नल कोणत्याही क्षणी येतो, अगदी एखादं काम अर्धवट असतानाही.

बँकेतला कॅशियर नोटा मोजतोय, ड्रॉवर उघडा आहे, निम्मी रक्कम वहीत लिहायची बाकी आहे. अशा वेळी कुणी मध्येच येऊन त्याच ड्रॉवरमधून दुसरा व्यवहार सुरू केला, तर हिशेब जुळणार नाही. प्रोग्रॅममध्ये मेमरी वाटणारा कोडही असाच आपली वही सांभाळत असतो. तो अर्ध्यात असताना हँडलरने पुन्हा त्यालाच मेमरी मागितली, तर प्रोग्रॅम कायमचा अडकून बसतो किंवा वहीच बिघडते.

म्हणून हँडलरमध्ये कोणती फंक्शन्स वापरणं सुरक्षित आहे, याची यादीच पॉझिक्स या मानकात दिली आहे. सी भाषेत नेहमी वापरलं जाणारं प्रिंटएफ त्या यादीत नाही. सुरक्षित रीत साधी आहे. हँडलरने 'सिग्नल आला' एवढीच खूण करून ठेवायची. मुख्य प्रोग्रॅम हातातलं काम संपवून ती खूण पाहतो आणि मग आवराआवर करतो.

एका हँडलरमुळे सर्व्हर धोक्यात

हा नियम मोडला तर काय होतं, ते २०२४ मध्ये दिसलं. जगभरातल्या सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्यासाठी ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम वापरतात. ठरलेल्या वेळेत, म्हणजे एरवी १२० सेकंदांत, कुणी लॉगिन पूर्ण केलं नाही तर एक सिग्नल येतो. त्याचा हँडलर नोंद करण्यासाठी जे फंक्शन वापरत होता, ते हँडलरमध्ये सुरक्षित नव्हतं.

ही अचूक वेळ साधली तर पासवर्ड नसतानाही लिनक्स सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळू शकतो, असं क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं. त्यांच्या चाचणीत त्यासाठी सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागले. १ जुलै २०२४ रोजी ही त्रुटी जाहीर झाली आणि ९.८ या आवृत्तीत ती दुरुस्त केली गेली. विशेष म्हणजे हीच चूक २००६ मध्ये एकदा सुधारली होती. पुढे कोडमध्ये बदल करताना ती नकळत परत आली.

क्रॅश झाल्यावर पुढे चालत राहता येतं का?

सिगसेग्व्हचा हँडलर लिहिता येतो. पण काहीच झालं नाही असं समजून पुढे जाणं धोक्याचं असतं. मेमरी कुठे आणि किती बिघडली आहे, हे प्रोग्रॅमला माहीत नसतं. अशा अवस्थेत फाइल सेव्ह केली, तर आधीची चांगली फाइलही खराब होऊ शकते.

म्हणून हँडलरने क्रॅश कुठे झाला त्याची नोंद करायची आणि प्रोग्रॅमला संपू द्यायचं. त्या क्षणाच्या मेमरीची प्रत ठेवली तर तिला कोअर डंप म्हणतात. त्यावरून चूक नंतर शोधता येते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मागे राहिलेला कोडही बोलका असतो. १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवला की तो तयार होतो. १३९ दिसला तर सिगसेग्व्ह, १३७ दिसला तर सिगकिल.

मग माहिती वाचते कशी?

माहिती वाचवायची तयारी क्रॅशच्या आधीच करावी लागते. चांगला प्रोग्रॅम मूळ फाइलला हात लावत नाही. तो नवी फाइल लिहितो, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करतो आणि मगच तिला जुन्या फाइलचं नाव देतो. मध्येच काही झालं तरी जुनी फाइल शाबूत राहते. अनेक मोबाइल ॲप्समध्ये असणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस बदलाची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. त्यामुळे अर्धवट राहिलेला बदल पुढच्या वेळी मागे घेता येतो किंवा सोडून देता येतो.

फॉर्म भरताना प्रत्येक पानानंतर माहिती आपोआप सेव्ह करणारं ॲप हेच तत्त्व पाळत असतं. ते सिग्नलची वाट पाहत बसत नाही, कारण सिगकिल आलेला कळत नाही आणि बॅटरी अचानक गेली तर सिग्नलच येत नाही.