आपली ‘मशीद’

शब्बाथच्या सकाळी आपले वडीलधारे घराबाहेर पडताना काय म्हणत, ते आठवून पाहा. ‘सिनेगॉगला जातो’ असे क्वचितच कोणी म्हणे. बहुतेक जण म्हणत, ‘मशिदीत जाऊन येतो.’ कोकणात, मुंबईत या बोलण्याचे कोणाला नवल वाटत नसे. इथे मात्र आजीच्या तोंडचा हा शब्द ऐकून नातवंडे चमकतात. हिब्रूत ‘मिसगाद’ म्हणजे मुसलमानांचे प्रार्थनास्थळ, एवढेच त्यांना ठाऊक. मग आपणही ओशाळतो आणि चटकन ‘बेथ केनेसेथ’ म्हणतो. पण ओशाळण्याजोगे यात काही आहे का?

कोकणातल्या गावांत आपले पूर्वज शनिवार पाळत, सण करीत, ते घरोघरी. प्रार्थनेसाठी वेगळी वास्तू आपल्याला मिळाली ती 1796 साली, मुंबईत. कंपनीच्या पलटणीतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सामुएल एझेकिएल दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि केलेल्या नवसाप्रमाणे त्यांनी ती बांधली, असे आपण परंपरेने ऐकत आलो. तिचे हिब्रू नाव ‘शाआर हारहमीम’, दयेचे द्वार. लोकांच्या तोंडी मात्र ती ‘मशीद’ झाली आणि पुढे ‘शाआर रासोन’ उभी राहिल्यावर एक ‘जुनी मशीद’, दुसरी ‘नवी मशीद’. मस्जिद स्टेशनाचे नावही जुन्या मशिदीवरूनच पडले, असे आपली मंडळी अभिमानाने सांगतात.

हाच शब्द का? मूर्ती नाही, एका अदृश्य देवापुढे सर्वांनी मिळून प्रार्थना करायची, अशा घराला आपल्या मराठीत तयार शब्द होता तो मशीद. पूर्वजांनी तोच घेतला. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधविलेल्या ‘ओहेल डेव्हिड’ला शेजारचे लोक ‘लाल देऊळ’ म्हणू लागले, तेही असेच. ज्याला जो शब्द जवळचा, त्याने तो दिला.

आता शब्दाचे मूळ पाहू. अरबी ‘मस्जिद’ म्हणजे नमन करण्याची जागा. अरबीतला ‘ज’ हिब्रूत ‘ग’ होतो. उंटाला अरब ‘जमाल’ म्हणतात, आपण ‘गामाल’. म्हणून अरबी ‘सजद’ तो आपला ‘सागद’, वाकून नमन करणे. दानीएलाच्या पुस्तकात हनन्या, मीशाएल व अजऱ्या राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत, तिथे अरामी भाषेत हाच धातू आहे. म्हणजे शब्द परका नाही. वाकायचे कोणापुढे, एवढाच प्रश्न.

‘बेथ केनेसेथ’चा अर्थ निराळा. ‘कानस’ म्हणजे गोळा करणे, म्हणून हे जमण्याचे घर. ग्रीक ‘सिनेगॉग’चा अर्थही तोच. देशाची संसद ‘क्नेसेत’, तिचे नावही याच धातूचे. 1964 साली बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, असे त्याच क्नेसेतने ठरावाने सांगितले. त्यासाठी आपल्या माणसांना येरुशलेममध्ये धरणे धरून बसावे लागले होते. ज्यांच्या यहुदीपणावर शंका घेतली गेली, त्यांनी ‘मशीद’ हा शब्द चारचौघांत उच्चारताना जीभ आवरली, तर नवल नाही.

पण इथिओपियातून आलेल्या आपल्या बांधवांकडे पाहा. तेही आपल्या प्रार्थनागृहाला ‘मेसगिद’ म्हणत आले. हेश्वान महिन्याच्या 29 तारखेचा त्यांचा ‘सिग्द’ सण याच धातूतला, आणि 2008 पासून तो देशाचा अधिकृत सण आहे. त्यांनी शब्द लपविला नाही.

तेव्हा नातवंडांनी विचारले तर सरळ सांगावे: बेथ केनेसेथ म्हणजे जिथे आपण जमतो ते घर, मशीद म्हणजे जिथे आपण देवापुढे वाकतो ते घर. जमल्यावर आपले पूर्वज वाकत होते, म्हणूनच आपण आज इथे आहोत.